उसन्यांचा मुलूख

रविवारी दुपारी तीनला आमच्या चिकलठाण्याच्या फ्लॅटची बेल वाजली, की दार लगेच उघडायचं नाही असा नियम होता. आतून आधी प्रश्न विचारायचा, बाहेरच्यानं उत्तर द्यायचं, मग कडी काढायची. एकदा शेजारच्या बाई विरजण मागायला आल्या, तर त्यांनाही आतून विचारलं गेलं, "गेल्या खेपेला पुलावर कोण मेलं?" त्या बिचाऱ्या विरजण न घेताच परत गेल्या. नंतर मलाच जाऊन त्यांची समजूत काढावी लागली.

हे सगळं खेळापायी. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे, असा तो खेळ. गोष्ट सांगणारी मी. खेळणारे तिघं: कॉलेजातली माझी मैत्रीण, तिचा नवरा आणि माझ्या वाळूजच्या प्लांटमधला एक सहकारी. मुलूख मात्र माझा नव्हता. चार जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या होत्या आणि त्यांवरून कोणीतरी नकाशे, नियम सगळ्यासकट हा खेळ बेतलेला होता. मी त्याचं जमेल तसं मराठी करून सांगायचे. आठवडाभर क्वालिटीच्या खात्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्यावर मला रविवारी जरा राक्षस लागायचे.

तो मुलूख दलदलीचा. उंच तटांची गावं, आणि भरदिवसा उतरणारं धुकं. त्या धुक्यात हरवलेलं माणूस काही दिवसांनी परत येतं. तोंड तेच, आवाज तोच, चालताना एक पाय ओढायची सवयही तीच, पण ते माणूस नसतं. कादंबऱ्यांतल्या त्यांच्या नावाचं मी 'उसने' करून टाकलं होतं. उसन्याला घरात घेतलं, की आठ दिवसांत घरातले एकेक करून धुक्यात चालू लागतात. म्हणून प्रत्येक घराची एक खूण असते, घरच्यांनाच ठाऊक असलेलं एखादं उत्तर. ते चुकलं, तर बाहेर आई असो की लेकरू, दार उघडत नाहीत. आणि यातली सगळ्यात भयंकर गोष्ट अशी, की उसन्याला स्वतःलाही आपण उसने आहोत हे माहीत नसतं. तो दाराबाहेर खरोखर रडत असतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि उगाचच स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावत बसले.

दारावरचं काम हळूहळू बाबांनी आपल्याकडे घेतलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बाबा मूळचे पाचोडकडचे, चिकलठाण्यातल्याच एका जुन्या कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालेले. खेळ चालू असला की ते खुर्ची ओढून शेंगदाणे खात ऐकत बसायचे. "ह्या राजाला अक्कल नाय. आधी तट दुरुस्त कर म्हणावं," असा शेराही मारायचे. बेल वाजली की माझ्याआधी उठायचे आणि दाराला तोंड लावून विचारायचे, "बोला, मागच्या रविवारी चिवडा कोणी सांडला?" लई मोठा मान मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

मग तोच प्रश्न सलग तीन रविवार आला. चिवडा सांडल्याला तोवर महिना होत आला होता. आम्ही हसलो. चौथ्या रविवारी मैत्रिणीच्या नवऱ्यानं मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं, तरी बाबांनी "बरोबर" म्हणून दार उघडलं. त्यालाही आम्ही हसलोच. मला त्या हसण्याचा आजही राग येतो, त्यातही माझ्या हसण्याचा जास्त.

त्यानंतरच्या रविवारी दूध संपलं म्हणून बाबा खाली गेले. ते परतले तेव्हा खेळ रंगात आला होता. बेल वाजली तसा माझा सहकारी उठला. म्हणाला, आज काकांचीच परीक्षा घेऊ. दाराला कान लावून त्यानं विचारलं, "काका, काकूंच्या हातचं तुम्हाला सगळ्यात काय आवडायचं?"

आम्ही एकमेकांकडे बघून हसू दाबत होतो. बराच वेळ गेला. मग बाबांचा आवाज आला, बारीक. "थांब जरा. येतंय मला. सांगतो."

मी उठून दार उघडलं. दुधाच्या दोन पिशव्या छातीशी धरून ते उभे होते, पिशव्यांचं पाणी शर्टावर ओघळत होतं. मी म्हटलं, बाबा, या आत. ते उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात.

"उत्तर दिल्याबिगर यायचं नसतंय," ते म्हणाले. "मला येतंय गं. आता होतं तोंडावर."

माझ्या आईच्या हातच्या पुरणाच्या धिरड्यांवर हा माणूस आयुष्यभर जीव टाकत आला होता. मी ते उत्तर त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी मान हलवली, "व्हय, तेच," म्हणाले आणि आत आले. पण उत्तर ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. मी इतकी घाबरले, की हातातले फासे टेबलावर ठेवायचंही सुचलं नाही. त्या दिवशी खेळ मोडला तो मोडलाच.

डॉक्टरांकडे गेलो तर तिथंही प्रश्नच. आज वार कोणता, घड्याळाचं चित्र काढा, तीन शब्द लक्षात ठेवा. बाबा प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे बघायचे, शाळेत पुढच्या बाकावरच्याकडे बघावं तसं. घरी आल्यावर मी सुधारावं की नाही? मी तर दिवसभर तपासायलाच लागले. काय जेवलात? काल कोण आलं होतं? मी कुठं कामाला जाते? एकदा त्यांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "लई इचारती तू. माझ्याच घरात मला उभं करती." मी तोंडातल्या तोंडात माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

कारण मला भीती वाटायची, आणि ती भीती शहाण्या माणसाची नव्हती. शेजारी बसून तोच माणूस तसेच भुरके मारत चहा प्यायचा, आणि माझ्या मनात यायचं, हे कोण? माझ्या बाबांना कुठं ठेवून हे आलंय? असा विचार आला, की स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटायची. तरी तो यायचा.

मे महिन्यात एकदा पहिली पाळी करून मी दुपारी चारला घरी आले. दिवसा सोबत करणाऱ्या मावशी त्या दिवशी लवकर गेल्या होत्या आणि दाराला आतून कडी होती. मी बेल वाजवली.

"कोण?"

"मी, बाबा."

"मी कोण?"

मी नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. कडी निघेना, तशी मी घाबरून भडाभडा बोलत सुटले. आईचं नाव, पाचोडच्या बाजारातून त्यांनी मला आणलेल्या हिरव्या सँडल, त्यांच्या डाव्या अंगठ्यावरचा कारखान्यातला व्रण, धिरडी. जे जे फक्त आम्हा दोघांना माहीत, ते ते मी त्या बंद दाराला सांगितलं.

दारापलीकडे बाबा मागं सरकल्याचं ऐकू आलं. "हे तुम्हाला कसं ठाऊक? कोण हाय तुम्ही? कोणी सांगितलं हे सगळं?"

सगळी उत्तरं बरोबर होती, आणि एकेका उत्तरानं ते मला जास्तच भीत होते. मी जिन्याच्या पायरीवर बसले. अंगाची नुसती लाही होत होती, डोकं ठणकत होतं. रडणं आवरून मी एवढंच म्हटलं, "ऊन लई लागलंय. घोटभर पाणी मिळंल का?"

थोड्या वेळानं कडी निघाली. बाबांनी दार सबंध उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पंख्याखालच्या खुर्चीकडे हात केला.

"या, बसा बाई," असं म्हणून त्यांनी माठातून तांब्या भरून आणला. "सावकाश प्या. माझी पोरगी येईलच आता कामावरून. ती आल्याबिगर जाऊ नका."

मी पाणी प्यायले. ते समोर बसून दाराकडे बघत राहिले, आणि मीही त्यांच्याबरोबर तिची वाट बघत बसले.