खाऱ्या रेतीची भिंत

माझा धंदाच असा की घरमालक मला चहा देतात आणि मनातून शिव्या. विकायला काढलेली घरं मी तपासते: ओल कुठे आहे, तडा वरवरचा की आतला. ओल मोजायचं यंत्र आहे, पण आधी थापीच्या दांड्याने भिंत ठोकते. थापी बाबांची. बाबा गवंडी होते. भरीव भिंत कशी वाजते आणि पोकळ कशी, हे त्यांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवलं. पाढे अजून धड येत नाहीत.

दसऱ्याला या थापीची पूजा व्हायची. दुसऱ्या दिवशी बाबा ती पिशवीत घालून कुठेतरी जायचे आणि संध्याकाळी चिकू घेऊन यायचे. आई विचारायची, कुठे गेला होतात? "कामाला." मजुरी? नाही. आई त्या चिकूंना कधी हात लावायची नाही. मी मात्र हादडायचे.

गेल्या वर्षी चिंचणीला एक घर तपासायला गेले. तिथे एकट्या राहणाऱ्या काकींचे गुडघे संपले होते. घर विकून पालघरला लेकाच्या शेजारी खोली घ्यायची, एवढंच त्यांचं मागणं. आणि गिऱ्हाइकाने सांगून ठेवलेलं, तपासणी चांगली आली तरच घेतो.

ओटीवर चढले आणि खिडकीची कड पाहून थांबले. गिलाव्याची तीच गोलाई, टोकाला अंगठ्याने दाबलेली. आमच्या स्वयंपाकघरातही अशीच आहे. बाबांचं काम! खोटं कशाला बोलू, तपासायच्या आधीच मी घराला शंभर मार्क देऊन टाकले.

मग मागची भिंत ठोकली. बद्द वाजली. खरवडल्यावर पोपडा हातात आला, खाली पांढरा लोणा. जिभेला लावून बघितला, मीठ. दर्याची खारी रेती, धुतलेलीसुद्धा नाही. असा संताप आला! वहीत रेघ वाकडी गेली तर पान फाडायला लावणारा माणूस, आणि त्याने असली भिंत बांधावी?

"काय लिवतेस?" काकींनी विचारलं.

"आहे ते. ही भिंत उतरवावी लागेल. आणि काकी, ती माझ्या बाबांनी बांधलीय."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू गवंड्याची पोर काय? अगो, रेती आमच्याच मालकांनी आनलेली, बैलगाडीतून. तुझा बापूस नको नको बोलत होता, आमीच ऐकलं नाय. मंग दरसाल दसरा झाला की यायचा, भिंत खरवडून गिलावा करून जायचा. मजुरी दिली तर बोलायचा, हात माझा लागलाय. मंग झाडाचे चिकू बांधून द्यायची मी."

मला तिथेच रडू आलं. तरी कागदावर भिंत खराब असंच लिहिलं. बाबांनी माझंही पान फाडलं असतं नाहीतर.

गिऱ्हाईक म्हणालं, भिंत नवी करून द्या, मग घेतो. काकींचा चेहरा उतरला. मी म्हटलं, ते माझ्याकडे लागलं. दसऱ्याच्या आत ओळखीच्या गवंड्याकडून भिंत उभी करून घेतली, धुतलेल्या रेतीत. गिलावा तेवढा माझ्यासाठी बाकी ठेवायला सांगितला. दसऱ्याला थापीची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तो माझ्या हाताने केला. कडेला अंगठा दाबला. काकी मजुरीचं बोलल्या, तेव्हा म्हटलं, हात आमचाच लागलाय.

महिन्याभरात त्या पालघरला गेल्या. पण गिलावा केला त्या संध्याकाळी मी काकींचे चिकू घेऊन घरी आले आणि आईला सगळं सांगितलं.

"मला वाटायचं, दुसरी कोणी आहे," ती म्हणाली. मग हात पुढे केला. "दे एक."