रिकामंच हुतं की!

राहुरीच्या स्टँडसमोर एकाचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस हसतमुख, पण हात क्षणभर गप्प बसत नाहीत.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी शेजारी नांदत होत्या. मी फक्त कीबोर्ड बदलायला दिला होता. या गृहस्थाने लिनक्सचं अख्खं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा तिचा कप्पाच, उडवला! माझं सगळं काम त्यात होतं.

"अहो, विचारायचं तरी!"

"सर, विंडोजमधनं बगितलं, काय बी दिसत न्हवतं. रिकामंच हुतं की! आता सी ड्राइव्हला लई जागा झाली बघा."

लिनक्सचा कप्पा विंडोजला दिसतच नाही, हे याच्या गावीही नाही. वर शाबासकीची वाट बघत उभा! मी संतापून बोलतच होतो, तोवर त्याने स्वतःच दिलेल्या चहाचा माझ्यासमोरचा कप उचलला, उरलेला निम्मा चहा मोरीत ओतला आणि कप विसळायला घेतला.