वेळेवर भुईवर घेतलं

एरंडोलहून कार्ड आलं तेव्हा मी वॉर्डात औषधं देत होते. मरणाचं कार्ड वाचून लगेच फाडायचं असतं. मी फाडलं नाही, अजून माझ्याजवळ आहे. अक्कांच्या पुतण्यानं, नानानं, वळणदार अक्षरात लिहिलं आहे, ‘अक्का काल दुपारी शांतपणे गेल्या. काळजी नसावी, वेळेवर भुईवर घेतलं.’ वेळेवर! हा शब्द वाचला आणि माझ्या हातातली औषधाची वाटी खाली आपटली. रडू नंतर आलं. आधी आला तो संताप, आणि सहा आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही. ज्यांना हा लेख कडू लागेल त्यांनी पान उलटावं.

द्वारका अक्का म्हणजे धुळ्याच्या आमच्या दवाखान्यातल्या सर्वांत जुन्या नर्स. सोळाव्या वर्षी विधवा झाल्या, भावानं विरोध केला तरी नर्सिंग शिकल्या आणि तीस वर्षं बायकांचा वॉर्ड सांभाळला. मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा मला वाटायचं, हृदयाचा रोग म्हणजे डॉक्टरांच्या नळीतला विषय, आपण काय, चादरी बदलायच्या. अक्का म्हणाल्या, “इंदू, डॉक्टर दिवसातून दोनदा येतात. उरलेला वेळ पेशंटचं काळीज तुझ्या हवाली असतं.” मग त्यांनी मला बघायला शिकवलं. नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची, छातीवर आणि मनगटावर दोन्हीकडे. काळजाचं औषध देण्याआधी ठोके साठाच्या खाली दिसले तर बाटली ठेवून द्यायची आणि डॉक्टरांना गाठायचं, मग ते जेवत असोत की झोपलेले असोत. नडगीवर अंगठा दाबायचा आणि खळगा किती वेळ राहतो ते पाहायचं. खेड्यातल्या बायका सांगायच्या की सोनारानं तोडे लहान करून दिले, पायात रुततात. अक्का म्हणायच्या, “सोनाराला शिव्या नको देऊस, माय, पाय दाखव.”

त्या वेळचे आमचे मोठे डॉक्टर विद्वान होते आणि खानदेशी बोलीचा त्यांना तिटकारा होता. पुस्तकात लिहिलं आहे की धाप लागणाऱ्या पेशंटला झोपताना उशा किती लागतात ते विचारावं, जितक्या जास्त तितकं छातीत पाणी जास्त, म्हणून ते विचारायचे. यावलकडची एक सुभद्रा नावाची बाई आली होती, केळीच्या बागेत राबणारी, जेमतेम पंचवीस वर्षांची. तिला विचारलं, उशा किती लागतात? ती म्हणाली, “एक बी नई, साहेब.” साहेबांनी केसपेपरवर लिहिलं, सपाट झोपते, आणि पुढे गेले. अहो, जिच्या घरात उशीच नाही ती कुठल्या उशा मोजणार! अक्का मागे थांबल्या. “मंग झोपस कशी, माय?” “भीतले टेकीसन. आडं पडं का जीव घाबरस.” अक्कांनी केसपेपरवर लिहिलं, भिंतीला टेकून बसून झोपते. साहेबांनी दुसऱ्या दिवशी ती ओळ खोडली. नर्सनं हुकूम पाळावेत, शोध लावू नयेत, असं ते सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले. अक्कांनी खोडलेल्या ओळीखाली तीच ओळ पुन्हा लिहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुभद्रेचे ओठ निळे पडले. अक्का साहेबांना बोलवायला धावल्या आणि मी सुई उकळायला गेले. तेवढ्यात सासूनं आणि दिरानं ठरवलं की हिची वेळ आली. माणूस खाटेवर जाऊ नये, त्याला भुईवर घ्यावं, ही आपली रीत. त्यांनी तिला उचललं, फरशीवर सपाट निजवलं, तोंडात तुळशीचं पाणी घातलं. छातीत आधीच पाणी भरलेलं, त्यात हे! मी दारातून पाहिलं आणि जागीच थिजले. अक्का आल्या, फरशीवर बसल्या, तिला उठवून तिच्या पाठीला आपली पाठ लावली आणि तिचे दोन्ही हात मागून घट्ट धरले. सासू ओरडली, “आक्का, हाई काय करतंस? धरम बुडस आमना!” अक्का तशाच बसल्या बसल्या म्हणाल्या, “धरमनं मंग देखसूत. पयले हाई बुडी राहिनी, तिले काढू द्या.” साहेब आले, सुई टोचून झाली, श्वास खाली बसला, तरी अक्का उठेनात. सुभद्रा त्या खेपेला आपल्या पायांनी घरी गेली.

त्यानंतर अक्कांनी रहीमभाई सुताराकडून औषधांच्या खोक्यांच्या फळ्यांचा एक उतरता टेकू करून घेतला, खाटेवर ठेवून पेशंटची पाठ टेकवायला. लढाईचे दिवस, लाकूड मिळत नव्हतं. साहेब म्हणाले, सामानाच्या यादीत असली वस्तू नाही. अक्का म्हणाल्या, “मग यादीत पेशंटही नसावेत.” नोकरी संपल्यावर टेकू त्यांनी एरंडोलला पुतण्याच्या घरी नेला. तेव्हा मला कळायला हवं होतं. मी इतकी वर्षं दुसऱ्यांचे पाय दाबत होते, त्यांचे कधी पाहिलेच नाहीत.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. सर्व्हिस मोटारीनं गेले. अक्का टेकूला टेकून बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी स्वतःची नडगी दाबली आणि म्हणाल्या, “मोज.” मी मोजत राहिले, खळगा भरेचना... मग त्यांनी माझा हात धरला. “माझी वेळ आली असं वाटलं की हे लोक मला आडवी करतील. मला मरणाचं भय नाही गं, बुडण्याचं आहे. मला बसून जाऊ दे. नानाला नीट सांग.” मी वचन दिलं आणि ओसरीवर जाऊन नानाला म्हणाले, “अक्कांना आडवं करत जाऊ नका हं.” एवढंच. दिवेलागणीची वेळ, समोर त्याची गरोदर बायको तांदूळ निवडत बसलेली, अशा घरात मरण हा शब्द काढणं माझ्या जिभेला जमलं नाही. नाना मान हलवून म्हणाला, “हो बाई, काळजी नका करू.”

कार्ड आल्यावर मी एरंडोलला गेले ती भांडायलाच. नानाला म्हटलं, मी सांगितलं होतं ना? तो बिचारा भांबावून गेला. “बाई, तुम्ही सांगेल व्हतं, आडं करू नका. दोन महिने आम्ही पाळं. आक्का बसीसनच झोपे. पन हाई झोपनं नव्हतं ना, हाई ते भुईवर लेनं व्हतं.” आणि डोळे पुसत म्हणाला, “आक्का हात हालवत व्हती. आम्हले वाटनं, निरोप देस.”

निरोप! मला माहीत आहे ते हात कशासाठी हलत होते. अक्का आणखी किती जगल्या असत्या ते मी सांगू शकत नाही, कदाचित एक दिवससुद्धा नाही. पण त्या बसून गेल्या असत्या. ज्या बाईनं आयुष्यभर इतरांना भुईवरून उठवलं तिला उठवायला कुणी नव्हतं. मला नानाचा राग येतो, त्या रीतीचा येतो, ओळ खोडणाऱ्या साहेबांचा अजून येतो. सगळे राग फिरून शेवटी ओसरीवरच्या त्या संध्याकाळपाशी येतात.

टेकू मी घेऊन आले. घरच्यांनी तो मागच्या दारी टाकला होता, त्यावर मिरच्या वाळत होत्या. आज तो आमच्या वॉर्डात आहे आणि त्याला टेकून पारोळ्याकडची एक आजी बसली आहे. तिच्या मुलांना मी काल समोर उभं करून सांगितलं, “ही मरते आहे असं वाटलं, अगदी डोळे फिरले, तरी भुईवर घ्यायचं नाही. बसवून धरायचं. मरेल तर बसून मरेल.” थोरला मुलगा बाहेर जाऊन म्हणाला, या नर्सचं तोंड फार अभद्र आहे. आता सगळा दवाखाना तसंच म्हणतो, आणि खरंच आहे ते. त्या संध्याकाळी ओसरीवर तेवढं मी गोड बोलले.