शिवेपलीकडचा घाडी

मी ब्लॉग लिहायला लागले तेव्हा आमच्या पेडण्याच्या घरात तीन बायका होत्या: आई, मावशी आणि मी. वाचकही तेवढेच. त्यातल्या दोघींना कॉम्प्युटर लावता येत नव्हता, म्हणजे खरा वाचक एकच. पणजीला सरकारी कचेरीत नोकरी, बसमध्ये खिडकी मिळाली की डोक्यात काहीबाही जुळायचं, ते घरी येऊन टाइप करायचं. आमच्याकडे मराठीत लिहावं की कोकणीत, यावरून शेजारी शेजाऱ्याचं तोंड बघेनासा झालेला मी लहानपणी पाहिला आहे. मी मराठीत लिहिलं आणि कोणीच भांडायला आलं नाही. याचं मला फार वाईट वाटलं.

मग आमसुलांवरच्या लेखाखाली पहिली प्रतिक्रिया आली. इंग्रजीत होती. ‘अत्यंत उपयुक्त माहिती. माझा भाऊ कितीतरी दिवस हेच शोधत होता.’ मी तरंगतच ती आईला वाचून दाखवली.

“तेच्या आवयन तेका सालां सुकवंक शिकवंक ना?” आईने विचारलं. आमच्याकडे आमसुलं सुकवायला आईच शिकवते.

पुढे आमची म्हैस मेली, तिच्यावर मी मन लावून लिहिलं. त्याखालीही माहिती उपयुक्तच होती आणि तोच भाऊ तेच शोधत होता. तेव्हा माझी ट्यूब पेटली. हे लोक कुठल्या तरी चपला नाहीतर गोळ्या विकायला बसलेले असतात, यंत्र लावून जगभर एकच वाक्य शिंपडतात, वाचत-बिचत कोणी नाही. आईला हे पटलं नाही. “म्हणजे तेंचीय म्हस मेली आसतली,” ती म्हणाली आणि त्या भावाबद्दल हळहळली.

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. मग एक दिवस काजूच्या लेखाखाली एक बाई उगवली. तिचा नवरा तीन मुलं टाकून दुसरीबरोबर गेला होता. रडून रडून तिचे डोळे गेले होते. तेवढ्यात तिला एक थोर डॉक्टर भेटला, त्याने मंत्र घातला आणि नवरा येऊन तिच्या पायांवर पडला. ‘तुमचाही नवरा गेला असेल तर आजच या डॉक्टरांना लिहा.’ मी हे हसत हसत मराठी करून सांगितलं. आई हसली नाही. हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, “म्हणजे तो तेंचो घाडी.”

घाडी म्हणजे आमच्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालणारा, कौल लावणारा, बाधा काढणारा माणूस. आईची आणि त्याची ओळख जुनी, आणि त्याचं कारण मावशी. मावशीचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत बोटीवर नोकरीला गेला. आधी पत्रं आली, मग ती थांबली, मग कुठल्याशा बंदरात त्याने दुसरा संसार मांडल्याचं कानावर आलं. मावशी आमच्याकडे येऊन राहिली. ते स्थळ आईने आणलेलं. धाकट्या बहिणीचं वाटोळं आपण केलं हे तिने मनाला इतकं लावून घेतलं होतं की, तो परत यावा म्हणून दर वर्षी ती देवाला गाऱ्हाणं घालायची. मावशी शेजारी उभी राहून “व्हय म्हाराजा” पुटपुटायची. काही होत नाही म्हणताना घाडीने एकदा कौल लावला आणि सांगितलं, माणूस शिवेबाहेर गेलाय, आपल्या देवाचा हुकूम शिवेपर्यंत. थोडक्यात, हा विषय आमच्या टेबलाचा नाही. माझ्या कचेरीत आम्ही हेच उत्तर देतो, फक्त नारळ घेत नाही.

आता आईला बरोबर टेबल सापडलं होतं. माणूस परदेशात, घाडीही परदेशातला.

“आई, ती बाईच खोटी आहे. अशी बाईच नाही.”

“बाईल ना? मगे घोव कोणाचो गेलो?”

बाईच नाही तर नवरा गेला कोणाचा, हा आईचा मुद्दा.

मी प्रतिक्रिया पुसून टाकू म्हटलं तर आई अंगावर आली. त्यातच माझ्या इतर लेखांखालीही नवरे परत यायला लागले. एका बाईची दोन मुलं, एकीची चार, डॉक्टर तोच. मला वाटलं, आता तरी आईला लबाडी दिसेल. आईला दिसली ती गर्दी. “इतलीं जाणां आसत! आमचो नंबर केन्ना येतलो? आज बरय गो चेडवा, आज.” मी डॉक्टरला लिहायचं टाळत राहिले. पण संध्याकाळी बसमधून उतरले की ती दारातच उभी असायची, आणि तिच्या डोळ्यांत जी आशा दिसायची ती बघून मला त्या डॉक्टरला शोधून बडवावंसं वाटायचं.

मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती हरमलच्या किनाऱ्यावर एका घरमालकाच्या पर्यटकांच्या खोल्या सांभाळायची आणि ‘नो प्रॉब्लेम’ आणि ‘हॉट वॉटर मॉर्निंग ओन्ली’ या दोन वाक्यांवर सगळ्या जगाशी बोलायची. त्या रविवारी ती सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेऊन आली, सोलायला बसली, आणि आईने तिला सगळं सांगून टाकलं. मावशीने शांतपणे ऐकलं.

“गोऱ्यांच्या बायलांचे घोव गेले म्हणून त्यो रडत बसनांत,” ती म्हणाली. “त्यो हरमलाक येतत.”

“फकांडां नाका,” आईला थट्टा नको होती. “तू फकत व्हय म्हण. चेडू बरयता.”

मावशी माझ्याकडे वळली. “तो डॉक्टर घोवाक परत हाडता मगो?”

“असं म्हणतो.”

“येयनासो करता काय? तें विचार.”

आईचा चेहरा बघवेना. मावशीने सुंगटांचे हात तसेच ठेवून तिच्याकडे पाहिलं. “बाय, तो गेलो म्हणून हांव हंय आसां. तुज्या रांदचे कुडींत, तुजेवांगडा झगडत. तो आयलो जाल्यार माका तेच्या घरा वचूंक जाय.” हे स्वयंपाकघर आणि आईशी भांडणं सोडून त्याच्या घरी जायचं तिला नको होतं. “आणि तो सुंगटां खायना.”

“मगे इतलीं वर्सां तू व्हय म्हणतालें तें?”

“तुका बरें दिसतालें म्हणून.”

आई रडायला लागली. मावशी तिला ‘रडूं नाका’ म्हणाली नाही, सोललेली सुंगटं तिच्यापुढे सरकवून तिने फक्त त्यांना मीठ लावायला सांगितलं. आईने रडत रडत मीठ लावलं. त्या दिवशीचं सुंगटांचं हुमण खारट झालं होतं आणि आम्ही तिघींनी ते संपवलं.

पण आई ती आईच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला वेगळाच घोर लागला. गाऱ्हाणी तर देवाकडे पडून आहेत. देवाने इतक्या वर्षांनी एखादं हातात घेतलं तर? ती रद्द करायला हवीत. मी कचेरीत रजा टाकली आणि नारळ घेऊन आम्ही तिघी देवळात गेलो. घाडीने सगळं दोनदा विचारून घेतलं. नवरा परत येऊ नये, असं गाऱ्हाणं त्याच्या बापाच्या काळातही कोणी घातलं नव्हतं. शेवटी त्याने खाकरून सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, हे लेकरान इतलीं वर्सां तुका त्रास दिलो…”

“व्हय म्हाराजा,” आई हळूच म्हणाली.

“जो शिवेभायर गेला, तेका थंयच सुखी दवर…”

“व्हय म्हाराजा.”

“आणि तेची वाट हे शिवेकडे परत वळवूं नाका…”

“व्हय म्हाराजा!”

तो आवाज मावशीचा होता. इतक्या वर्षांत देवळात तिचं पुटपुटणंच आम्ही ऐकलं होतं. घाडी दचकला, बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. आईने चमकून बहिणीकडे बघितलं, पदराने डोळे पुसले आणि नारळ स्वतःच्या हाताने फोडला.