एक थप्पड आणि बिघडलेलं इंजिन

धर्मश्रद्धेमुळे माणूस हिंसक होतो का, या विषयावर आमच्या गिरीज गावच्या वाचनालयात वादविवाद झाला, तेव्हा 'होत नाही' या बाजूने मी बोललो आणि जिंकलो. बक्षीस म्हणून स्टीलचा पेला मिळाला. त्यानंतर दहा मिनिटांत मी प्रतिस्पर्ध्याच्या थोबाडीत मारली. पेला तेव्हा डाव्या हातात होता हे आजही आठवतं, कारण उजवा मोकळा होता.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. प्रतिस्पर्धी म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. त्याची वाडी माझ्या वाडीला लागून. मी ख्रिस्ती, तो हिंदू, आणि दोघेही मास्तर. कॉलेजात त्याचा देवावरचा विश्वास उडाला आणि तेव्हापासून देव नाही हे सांगत तो इतका हिंडला, की आमचे फादरही देव आहे हे सांगत तेवढे हिंडले नसतील. रोज सकाळी आईच्या पूजेला फुलं मात्र तोच तोडून द्यायचा. "फुलं मी आईला देतो. ती पुढे कोणाला देते ते तिचं ती बघेल," असं म्हणायचा.

सभेत त्याने इतिहासातल्या लढाया काढल्या. मी माझ्या वडिलांचं उदाहरण दिलं. रोज संध्याकाळी गुडघे टेकून जपमाळ म्हणणाऱ्या त्या माणसाने आयुष्यात मुंगी मारली नाही, असं मी गहिवरून सांगितलं. मुंगी सोडून बाकी आम्हा सगळ्यांना त्यांनी भरपूर मारलं होतं, पण मेलेल्या माणसाबद्दल सभेत वाईट कोण बोलणार? हात वर करून मतं घेतली आणि मी जिंकलो.

पायऱ्या उतरताना मित्र म्हणाला, "तुझ्या बाजूने देव नव्हता रे, तुझे चुलतभाऊ होते."

हे अगदी खरं होतं. म्हणून तर मी मारली.

त्याचा चष्मा पडला. तो त्याने उचलला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि अध्यक्ष म्हणून बसलेल्या निवृत्त हेडमास्तरांना विचारलं, "सर, मतं पुन्हा घेता येतील का?" सगळे हसले. माझे चुलतभाऊसुद्धा हसले. त्याला बसलेल्या थपडेपेक्षा तो हशा मला जास्त लागला.

रागावलो की मी बरेच दिवस रागावलेला असतो. आमच्या दोघांच्या आजोबांनी मिळून खणलेली विहीर बांधावर होती आणि तिच्यावरचं डिझेल इंजिन दोघांचं मिळून होतं. पण ते माझ्या खोपटात असायचं आणि किल्ली माझ्या खुंटीला. सोमवार-गुरुवार त्याची पाळी. त्या सोमवारी तो पाण्याला आला तेव्हा मी सांगितलं, "इंजिन बिघडलंय." गुरुवारीही तेच सांगितलं. त्यानंतर तो आला नाही. बांधापलीकडे तो आणि त्याची आई बावखलातून, म्हणजे वाडीतल्या छोट्या तळ्यातून, घागरी भरून विड्याच्या पानवेलींना घालताना दिसायची. मी केळींमध्ये काही काम काढून तिकडे पाठ करून बसायचो.

एवढ्यात ईस्टर जवळ आला. ईस्टरआधी कुमसाराला जायचं, फादरच्या कानात आपली पापं सांगायची, हे काही चुकवता येत नसे. आमच्या गावची पद्धत अशी, की पाप मोठं असेल तर ते लांबच्या चर्चमध्ये न्यायचं, कारण गावचे फादर आवाज ओळखत. मी सायकल काढली ती थेट नायगावच्या बाजूला. तिथे रांगेत माझ्याआधी आमच्याच गावचे तिघे उभे होते. कोणी कोणाला ओळख दिली नाही. आमच्या सायकली मात्र एकमेकींना टेकून उभ्या होत्या.

मी थपडेचं सांगितलं. जाळीपलीकडून फादरांनी विचारलं, "भांडण कशावरून झालं?"

"धर्माने माणूस शांत होतो की नाही, यावरून."

पलीकडे बराच वेळ खोकला ऐकू आला. मग ते म्हणाले, "आणखी काही?"

"नाही, फादर."

"आधी त्याची माफी माग. समेट झाला की मग कम्युनियन घे."

आता माझी पंचाईत झाली. ईस्टरला सगळं गाव कम्युनियनसाठी, म्हणजे प्रसादाची भाकर घ्यायला, वेदीकडे जातं. जो बाकावर एकटा बसून राहिला, त्याचं काहीतरी मोठं अडलंय हे सगळ्यांना कळतं. माझी आई पहिल्या बाकावर बसायची, आणि मी तिच्या शेजारी. तिला खाली बघायला लावणं माझ्या जिवावर आलं होतं.

मी मित्राकडे गेलो. तो ओसरीवर पेपर तपासत होता. मी माफी मागितली.

"फादरांनी पाठवलं का?" त्याने विचारलं.

"हो."

"मग नाही करत माफ. उद्या तूच सांगत फिरशील, बघा, धर्माने समेट घडवला. तुझ्या बाजूचा पुरावा मी कशाला होऊ?"

"मग तू मला एक मार. फिटंफाट होईल."

"म्हणजे नास्तिक हात उचलतो असं होईल. तेही जमायचं नाही."

माझा हात पुन्हा शिवशिवला. मी तो खिशात घातला आणि घरी आलो. गुड फ्रायडेला पुन्हा गेलो. तेव्हा तो म्हणाला, तुझा उपास आहे, उपाशी माणसाशी मी वाद घालत नाही.

शनिवारी सकाळी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो पानवेलींत होता. माझा आवाज चढला होता. "एका थपडेसाठी किती ताणशील?"

"थपडेचं मी तेव्हाच सोडलं," तो म्हणाला. "त्यावर शाळेत चार वेळा हसूनही झालं माझं." त्याने एक पान खुडलं आणि माझ्या हातात दिलं. ते पिवळं पडून कडेने वाळलं होतं. "इंजिन दुरुस्त झालं का?"

ते इंजिन सुरू केलं की त्याचा आवाज सगळ्या गिरीजभर जायचा. दर दुसऱ्या दिवशी मी ते माझ्या केळींसाठी चालवत होतो. घागर कमरेवर घेऊन तो आणि त्याची म्हातारी तो आवाज ऐकत होती. आणि फादरांनी 'आणखी काही?' विचारलं तेव्हा हे मला आठवलंसुद्धा नव्हतं. माझी मलाच किळस आली.

मी जाऊन इंजिन सुरू केलं आणि पाट त्याच्या बाजूला फोडला. दुपारपर्यंत आम्ही दोघे वेलींना पाणी देत होतो. निघताना मी विचारलं, "केलंस का माफ?"

"मला काय विचारतोस? वेलींना विचार," तो म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

रविवारी कम्युनियनच्या वेळी सगळे उठले. मी बसून राहिलो. आई वेदीकडे जाऊन परत आली, शेजारी गुडघे टेकले आणि समोर बघत हळूच म्हणाली, "थपडेचं सांगितलंस ना फादरला?"

"सांगितलं, आय."

"आणि पाण्याचं?"

म्हणजे तिलाही ते इंजिन ऐकू येत होतं. "काल सोडलं पाणी," मी म्हणालो.

"मग ऊठ की."

मी उठलो नाही. माफीचं वेलींना विचारायचं होतं; त्यातल्या निम्म्या मेल्या होत्या, आणि त्या काही मी धर्मासाठी मारल्या नव्हत्या, नुसत्या रागापायी मारल्या होत्या.