मामाच्या भारंभार गूळ

मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत, देवाचा नवस स्वस्तात फिटावा म्हणून वर्षानुवर्षं नुसत्या भाज्या आणि फळं खाऊन राहिलेला माणूस एकच झाला, आणि तो माझा मामा होता. त्याला जाऊन आता दुसरा पावसाळा सरला. त्याच्याविषयी लिहायचं तेव्हापासून मनात आहे, पण हात चालत नाही. शहापुरात शाळा सुटली की मी चार ओळी लिहितो आणि त्यातल्या दोन खोडतो.

मामा मुरबाडच्या कचेरीत कारकून होता. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधी एका वर्षी त्याला विषमज्वर झाला आणि एकविसाव्या दिवशी वैद्यांनी हात टेकले. तेव्हा मामीने म्हसोबाला नवस बोलला, ‘हे उठले तर यांच्या भारंभार गूळ वाटीन.’ मामा उठला. पण नवस बोलताना मामीसमोर अंथरुणावर जो माणूस होता तो काडीसारखा होता, आणि पौषात म्हसा गावी म्हसोबाची जत्रा भरेपर्यंत तिने त्याला साजूक तूप, मऊ भात आणि खिरी घालून असा काही उभा केला की भातवाल्या शेटजींच्या काट्यावर तो अडीच मण भरला. एवढा गूळ कारकुनाच्या घरात कुठून येणार? ‘पुढच्या पौषात फेडू, तोवर थोडे उतरा,’ असं ठरलं. तेव्हापासून दर दिवाळीनंतर जत्रेपर्यंत मामाचं धान्य बंद होऊ लागलं. भात नाही, भाकरी नाही, वरण नाही. फक्त फळं आणि भाज्या.

बाहेरच्यांना हा सगळा प्रकार हसण्यासारखा वाटे. मामीला तो तसा वाटत नसे. नवस फिटेपर्यंत नवऱ्याचा जीव देवाकडून उसना आणलेला आहे असा तिचा पक्का समज होता. मामा नुसता खोकला तरी तिच्या हातातलं भांडं थांबत असे.

मामा मात्र व्रत मनापासून करी, फक्त प्रमाण त्याला कधी जमलं नाही. फळ म्हणजे त्याच्या लेखी केळ्यांची अख्खी फणी. भाजी म्हणजे वाटीभर नव्हे, परातभर. वांगी, वालपापडी, शेवग्याच्या शेंगा, लाल भोपळा, रताळी, सगळं एका पंक्तीला. आणि ते कोरडं गिळवत नाही म्हणून मामी प्रत्येक भाजीवर तुपाची धार सोडायची. एकदा मी म्हटलं, ‘मामी, हे तूप कशाला?’ तर ती माझ्यावरच उखडली. ‘भात सोडलाय त्यांनी, मास्तर. तूप सोडलंय असं कोण म्हणालं?’ गूळ वाचावा म्हणून ती त्याला उपाशी ठेवी आणि उपाशी दिसतो म्हणून खाऊ घाली. या दोन्ही गोष्टी ती एकाच पळीने करत असे.

शनिवारच्या बाजारात मामाचं वजन होई. भात मोजायच्या मोठ्या काट्याच्या पारड्यात तो टोपी, कोट, उपरणं, वहाणा काढून बसायचा आणि श्वास रोखून धरायचा. ‘श्वासाचंही वजन असतं,’ असं त्याचं शास्त्र होतं. शेटजी म्हणायचे, ‘साहेब, सोडा श्वास. काटा हलत नाही आणि माझं गिऱ्हाईक खोळंबलंय.’ मग मामा उतरून भाजीबाजाराकडे वळायचा. तिथे डोळखांबच्या डोंगरातून येणारी एक म्हातारी रानातले कंद घेऊन बसे. मामा टोपलीभर कंद घ्यायचा. एकदा ती म्हणाली, ‘रावसाब, पोटाला मिलत नाय म्हून आमी कंद खातो. तुमाला पोट हाय म्हून तुमी खाता. देवाचा न्याव बघा!’ सगळा बाजार हसला. मामाही हसला. नंतर त्याने तिच्याशी कधी घासाघीस केली नाही.

लढाई सुरू झाली आणि गूळ दिसेनासा झाला. मामी हट्टाला पेटली. किन्हवलीच्या भावाकडून, ओळखीच्या गाडीवानांकडून मिळेल तेव्हा एकेक ढेप आणून ती माळ्यावर ठेवू लागली. चार-पाच वर्षांत सात ढेपा झाल्या. त्यांच्या खालीच मामाचं जेवायचं पान मांडलं जाई. एका दुपारी मी गेलो तर मामा शिडीवर उभा, गाल फुगलेला. ‘ऊस म्हणजे वनस्पतीच ना रे?’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘मामा, तुझं पारडं जड होतंय आणि गुळाचं हलकं. दोन्हीकडून नुकसान.’ तो विचारात पडला आणि उरलेला खडा त्याने प्रामाणिकपणे परत ढेपेला चिकटवला.

आणि मग एका वर्षी व्रत फळाला आलं. दिवाळीपासून मामा उतरू लागला. दर शनिवारी काटा कमी दाखवी आणि दर शनिवारी मामी देवापुढे निरांजन लावी. मामा तांब्यावर तांब्या पाणी प्यायचा. ‘भाजी आहे पोटात, तिला पाणी घालायला नको?’ म्हणायचा. आम्ही हसायचो. शेटजी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मास्तर, भाजीवर माणूस एवढा उतरत नाही हो.’ मी घरातला शिकलेला माणूस. मी मामाची पाठ थोपटली. हाताला हाडं लागली, आणि मला आनंद झाला.

पौषात म्हशाला तीन वासे उभे करून शेटजींचा काटा टांगला. एका पारड्यात मामा बसला. त्या दिवशी त्याने श्वास रोखला नाही. दुसऱ्या पारड्यात ढेपा चढू लागल्या. पाचवी ढेप ठेवली आणि मामा अलगद वर उचलला गेला. लोकांनी देवाचा जयजयकार केला. मामीने माळ्यावरच्या सातही ढेपा गाडीत घालून आणल्या होत्या. ती उरलेल्या दोन ढेपांकडे बघत राहिली, मग वर अधांतरी बसलेल्या मामाकडे.

‘अजून एक ठेवा,’ ती म्हणाली.

‘वहिनी, झालं. काटा केव्हाच झुकलाय,’ शेटजी म्हणाले.

‘झुकू दे. ठेवा म्हणते ना!’

शेटजींनी सहावी ठेवली. मग न विचारता सातवी. मामा वरून म्हणाला, ‘अगं, इतकी वर्षं पाला खाल्ला तो काय फुकट?’ पण मामी हसली नाही. सगळा गूळ तिने तिथेच फोडून वाटला. डोंगरातली म्हातारीही पदर पसरून आली होती. तिला मामाने स्वतःच्या हाताने दोन मुठी घातल्या.

कल्याणच्या डॉक्टरांनी साखरेचा रोग सांगितला तेव्हा माघ लागला होता. त्यांनी केळी आणि रताळीही बंद केली. चैत्रात मामा गेला. नवस फिटला होता, याचा मामीला आधार वाटला की राग आला, ते मी तिला विचारलेलं नाही.

गेल्या शनिवारी मुरबाडच्या बाजारात म्हातारीने मला ओळखलं. ‘लय दिस झालं, तुजा मामा नाय आला रं?’ मी सांगितलं. तिने टोपलीतली माती चाचपली. मग चार कंद माझ्या पिशवीत टाकून म्हणाली, ‘पैसं ऱ्हाऊ दे. मामीला दे. उकडून खा म्हनावं.’

मामीने ते उकडले, सोलले, माझ्यासमोर ताटलीत ठेवले. मी पहिला घास उचलला तेव्हा ती उठून आत गेली आणि पळी घेऊन आली. ‘कोरडं गिळवत नाही रे,’ असं म्हणत तिने सगळ्यांवर तुपाची धार सोडली.