शांतम्माची केरी

भिंतीपलीकडं भांडण लागलं होतं आणि मला त्यातला एकच शब्द कळत होता. केरी. शांतम्मा म्हणायची केरी, तिचा नवरा चनबसप्पा त्याच्यावर आवाज चढवून म्हणायचा केरी. मधलं सगळं कानडी. आम्ही बार्शीकडची माणसं, सोलापुरात नुकतीच आलेली, मला कानडी कुठलं यायला? पण भिंत एका विटेची, आणि कान काही मिटता येत नाहीत. खरं सांगायचं तर मला ते मिटायचेही नव्हते.

त्या रात्रीपासून नवरा-बायकोचा अबोला. मोठा दुष्काळ सरल्यानंतरचा उन्हाळा होता तो, वैशाखातला, कैऱ्यांचा. मी माझ्यापुरता उलगडा केला. बाई कैरी मागतेय आणि हा चिक्कू माणूस आणून देत नाही. बरं, इतक्या हट्टानं बाई कैरी कशाला मागेल? शांतम्माला मूलबाळ नव्हतं, चाळिशीला टेकली होती, पण देवाच्या मनात आलं तर वय कोण बघतंय? मी मंडईतून पदर भरून कैऱ्या आणल्या, तिखटमिठाची पुडी बांधली आणि सरळ त्यांच्या दारात गेले.

चनबसप्पा ओट्यावर काम करत बसला होता. तसबिरी जडवायचा त्याचा धंदा. देवांची चित्रं, लग्नातले फोटो, सगळ्यांना काच आणि चौकट घालायचा. मी कैऱ्या शांतम्माच्या ओटीत टाकल्या आणि त्याला म्हणाले, "अण्णा, अशा वक्ताला बाईचं मन मारू नये. कितवा म्हैना हाय?"

काच कापायची हिरकणी ओढता ओढता त्याचा हात थांबला. शांतम्मानं माझ्याकडं बघितलं, कैऱ्यांकडं बघितलं, आणि अशी हसत सुटली की भिंतीला टेकून खालीच बसली. मग त्याचेही खांदे हलायला लागले.

हसू ओसरल्यावर तिनं मला सगळं सांगितलं. केरी म्हणजे तलाव. अक्कलकोटच्या पलीकडचं तिचं माहेर नव्या तलावात बुडालं. गाव उठून वर माळावर गेलं, तिची अव्वा, म्हणजे आई, मात्र खालीच राहिली. लिंगायतांत माणसाला पुरतात आणि वर दगडी चौथरा बांधतात, ती गद्दिगी. आईची गद्दिगी शेताच्या कडेला होती, म्हणजे आता पाण्यात. ती उभी आहे का गेली, एवढंच शांतम्माला बघायचं होतं. चनबसप्पाचं म्हणणं, पाण्यात वाकलं की आपलंच तोंड दिसतं, तेवढ्यासाठी जायचं आणि रडत यायचं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तुपाच्या डब्याचं बूड काढलं, तिथं गोल काच बसवली आणि कडेनं डांबर भरलं. वासानं आळीभर लोक शिंकले. डबा बायकोपुढं ठेवून म्हणाला, "आता तोंड दिसायचं न्हाय. पाण्यावर दाब आणि आत बघ." पाण्यातली आईची गद्दिगीच काचेत जडवून दिली म्हणा की. स्वतः मात्र आला नाही. लग्नसराईचं काम पुढं केलं आणि सोबतीला मला धाडलं.

तलावाच्या वाटेवर साखळी होती आणि साखळीपाशी भीमा नावाचा राखणदार. वाट फक्त सोमवारी उघडायची, तीही ज्यांचं गाव बुडालं त्यांच्याच घरच्यांना. शांतम्मानं बापाचं नाव सांगितलं आणि मला बहीण म्हणून पुढं केलं. मी तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं. पण भीमानं मलाच कानडीत काहीतरी विचारलं. मी मान ताठ करून म्हणाले, "केरी."

तो बघतच राहिला. "व्हय मावशी, केरीच हाय ही," म्हणाला आणि हसत साखळी सोडली.

आत गेले आणि मला नवल वाटलं. टेकडीच्या आडोशाला पाणी असं गप्प, जणू परातीत ओतून ठेवलंय. पोरं डुंबत होती. बाया गुडघाभर पाण्यात फतकल मारून बसल्या होत्या, जी ती आपापल्या रानात. एकीनं मला जोंधळ्याचं वावर दाखवलं, दुसरीनं तिची विहीर. दोन्हीकडं नुसतं पाणी. मी आपली व्हय व्हय करत गेले.

आत खोलात एका चिंचेचा वाळका शेंडा पाण्याबाहेर होता. त्याच्या अंदाजानं शांतम्मा कमरेइतक्या पाण्यात गेली, डबा दाबला आणि आत डोकं घातलं. मी मागं उभी. मला राहवेना, पण विचारायचं तरी काय?

मग डब्यातूनच मला हाक आली, "गोजरक्का, हाय उभी."

तिनं डबा मला दिला. मी डोळा लावला तर खिडकीतून शेजारचं अंगण दिसावं तसं दिसलं. चौथरा, त्याची पायरी, दगडावर हिरवं शेवाळ, आणि बोटाएवढे मासे कोपऱ्यांतून आत-बाहेर करत होते.

"मासळी घेऊन कुणी वाटेनं गेलं तरी अव्वा दार लावायची," शांतम्मा म्हणाली, "आता बघा, दारातच बिऱ्हाड थाटलंय." डोळे पुसता पुसता हसत होती.

बेलाचं पान ती बरोबर घेऊन आली होती, पण ते तरंगून दूर जायला लागलं. तिनं ते पकडलं, पदराचा दोरा काढून खड्याला बांधलं आणि बरोबर पायरीवर सोडलं.

परतताना अक्कलकोटच्या स्टँडवर तिनं कैऱ्या घेतल्या आणि माझ्या ओटीत टाकल्या. "गोजरक्का, कितवा म्हैना?"

तेव्हापासून दर वैशाखात तेच. पुढं माझे गुडघे गेले, मग ती एकटीच जायची. शेवटच्या साली तिला धाप लागत होती. चनबसप्पानं हात जोडले, मी रागावले. तिनं खड्याला पान बांधलं, डबा उचलला आणि पहिली एसटी धरली. त्यानंतरचा पावसाळा तिला दिसला नाही. पण तलावावर गेली त्या सोमवारी दिवस मावळताना ती दरवर्षीसारखी चालत आळीत आली, माझ्या उंबऱ्यावर कैऱ्या ठेवल्या, कितवा महिना म्हणून विचारलं, ओट्यावर डबा धुऊन उपडा घातला आणि भाकरीचं पीठ मळायला आत गेली.